बाटा शू म्युझियम : जगाच्या पादत्राणांचा इतिहास आणि आपल्या अनवाणी पायांचा प्रश्न

कॅनडातील टोरांटो शहरात ब्लूर स्ट्रीट आणि सेंट जॉर्ज स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर केवळ पादत्राणांसाठी उभारलेले एक संग्रहालय आहे. त्याचे नाव बाटा शू म्युझियम. चपला, जोडे, खडावा, बूट, मोजड्या आणि त्यांच्याशी संबंधित वस्तू मिळून सुमारे १५ हजार नग या संग्रहात आहेत आणि त्यांतून जवळपास साडेचार हजार वर्षांचा मानवी इतिहास दिसतो.

आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी जोड्यांच्या संग्रहालयाची माहिती कशासाठी घ्यायची, असे कोणी विचारेल. आमचे उत्तर सरळ आहे. या देशात चामडे कोणी ओढायचे, कोणी कमवायचे, कोणी शिवायचे आणि कोणी पायात घालायचे हे जातीने ठरवले. ज्यांच्या हातांनी गावाच्या पायात वहाण घातली, त्यांनाच गावातून अनवाणी चालावे लागले. म्हणून पादत्राणांचा इतिहास हा आपल्यासाठी फॅशनचा विषय नाही. तो माणुसकीच्या हक्काचा विषय आहे. या लेखात आम्ही आधी संग्रहालयाची माहिती देत आहोत, नंतर धम्माच्या परंपरेत पादत्राणांविषयी काय सांगितले आहे ते पाहू आणि शेवटी आपल्या समाजाच्या प्रश्नाकडे येऊ.

संग्रहालयाची स्थापना

बाटा हे नाव भारतात इतके घरोघरी गेले आहे की अनेकांना ती भारतीय कंपनीच वाटते. प्रत्यक्षात तिचा जन्म १८९४ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील झ्लिन या गावी झाला. टोमास बाटा, त्यांचा भाऊ अँटोनिन आणि बहीण ॲना यांनी मिळून हा धंदा सुरू केला. हे कुटुंब पिढ्यानपिढ्या जोडे शिवणाऱ्यांचे होते. टोमास बाटा १९३२ मध्ये विमान अपघातात मरण पावले. तोपर्यंत झ्लिन हे कारखान्याभोवती वसलेले औद्योगिक शहर झाले होते. भारतात कंपनीची सुरुवात १९३१ मध्ये झाली आणि पुढे कोलकात्याजवळ बाटानगर ही वसाहत उभी राहिली.

टोमास यांचे चिरंजीव थॉमस बाटा दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कॅनडात गेले. १९४६ मध्ये त्यांचा विवाह स्वित्झर्लंडच्या सोन्या यांच्याशी झाला. सोन्या बाटा (१९२६-२०१८) यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले होते. कंपनीच्या कामानिमित्त त्या जगभर फिरत आणि जिथे जातील तिथली स्थानिक पादत्राणे गोळा करत. गावोगावच्या हाताने केलेल्या वहाणा नाहीशा होत आहेत आणि त्यांच्या जागी कारखान्यातला एकसारखा बूट येत आहे, हे त्यांच्या लक्षात आले. या बदलात बाटासारख्या कंपन्यांचाही वाटा होताच. संग्रह वाढत गेल्यावर १९७९ मध्ये बाटा कुटुंबाने संग्रहालयासाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि ६ मे १९९५ रोजी सध्याच्या इमारतीत संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. युरोपातही जोडे शिवणारा श्रीमंत नव्हता, प्रतिष्ठित नव्हता. पण त्याच्या धंद्यावर विटाळाचा शिक्का नव्हता. म्हणून पिढीजात जोडे शिवणाऱ्यांच्या घरातला मुलगा कारखानदार होऊ शकला, कारखान्याला स्वतःचे आडनाव देऊ शकला आणि त्याच्या सुनेने त्याच धंद्याच्या इतिहासाचे संग्रहालय उभारले. आपल्याकडे तेच कौशल्य असलेल्या माणसाला आडनाव लपवावे लागले. फरक कौशल्याचा नव्हता, जातीचा होता.

इमारत आणि तिचा वास्तुकार

संग्रहालयाची इमारत रेमंड मोरियामा या वास्तुकाराने उभारली. बाहेरून ती झाकण थोडे तिरके ठेवलेल्या बुटाच्या खोक्यासारखी दिसते. मोरियामा जपानी वंशाचे कॅनेडियन होते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यांत लहानगे मोरियामा आणि त्यांचे कुटुंबही होते. वंशावरून माणसाला वेगळे काढण्याचा अनुभव घेतलेला हा मुलगा पुढे कॅनडातील नामवंत वास्तुकार झाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

संग्रहात काय आहे

संग्रहालयातील मुख्य कायम प्रदर्शन पादत्राणांचा सुरुवातीपासूनचा इतिहास सांगते. प्राचीन इजिप्तच्या वहाणांपासून आजच्या स्पोर्ट शूजपर्यंत वस्तू येथे आहेत. राणी व्हिक्टोरियाचे नृत्याचे जोडे आणि गायक एल्टन जॉन याचे उंच तळाचे चंदेरी बूट पाहायला पर्यटक गर्दी करतात. पण कार्यकर्त्याच्या नजरेने पाहिले तर दुसऱ्याच काही वस्तू अधिक बोलतात.

चीनमधील स्त्रियांचे चिमुकले रेशमी जोडे त्यांपैकी एक. लहानपणीच मुलीच्या पायाची बोटे मोडून, ती तळव्याखाली दुमडून घट्ट बांधत. पाऊल जेवढे लहान तेवढी मुलगी लग्नाला चांगली, अशी समजूत शतकानुशतके होती. १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाने या प्रथेवर बंदी घातली, तरी ती पूर्ण थांबायला आणखी काळ लागला. जोडा सुंदर आहे, भरतकाम नाजूक आहे आणि आतला पाय मोडलेला आहे. पुरुषसत्ता प्रत्यक्ष कशी असते, हे त्या एका जोड्यात दिसते.

दुसरी वस्तू म्हणजे फ्रान्समधील चेस्टनट फोडण्याचे जोडे. लाकडी तळाला लांब लोखंडी खिळे ठोकलेले हे जोडे पायात घालून शेतकरी चेस्टनटच्या ढिगावर चालत आणि फळांची साले निघत. ही चैनीची वस्तू नाही, श्रमाचे अवजार आहे.

तिसरी गोष्ट उत्तर ध्रुवाकडील लोकांच्या बुटांची. तिथल्या इन्युइट स्त्रिया सीलच्या कातड्याचे बूट असे शिवतात की बर्फाचे पाणी आत येत नाही. त्या थंडीत नीट न शिवलेला बूट म्हणजे जिवाशी गाठ. संग्रहालयाने अशा प्रदेशांत अभ्यासक पाठवून जुनी कला जाणणाऱ्यांकडून माहिती गोळा केली आहे. कारागिराच्या ज्ञानाला ज्ञान मानणे, ही या संस्थेकडून शिकण्यासारखी गोष्ट आहे.

चौथी गोष्ट उंच टाचांची. आज टाच ही बायकांची वस्तू समजली जाते. पण इराणी घोडेस्वारांना रिकिबीत पाय घट्ट बसवण्यासाठी टाच उपयोगी पडत असे. तिथून ती युरोपातील सरदारांच्या पायात आली आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात लाल टाच हे मोठेपणाचे चिन्ह बनले. कष्टाचे काम करावे लागत नाही, हे दाखवण्याचा तो एक मार्ग होता. कोणी काय घालावे हे निसर्गाने ठरवलेले नसते, सत्ता ठरवते, हा धडा येथे मिळतो.

निजामाची मोजडी

भारतातील पादत्राणेही या संग्रहात मोठ्या संख्येने आहेत. लाकडी, धातूच्या आणि हस्तिदंती पादुका, जरीच्या मोजड्या, चामडी जोडे असे अनेक प्रकार त्यांत आहेत. २००० मध्ये संग्रहालयाने युट्टा जैन-नॉयबाउअर या अभ्यासिकेचे भारतीय संस्कृतीतील पाय आणि पादत्राणे या विषयावरचे इंग्रजी पुस्तकही प्रकाशित केले.

सर्वांत प्रसिद्ध भारतीय वस्तू म्हणजे हैदराबादचा निजाम सिकंदर जाह याची मोजडी. सोन्याच्या तारांनी भरलेली आणि हिरे, माणके, पाचू जडवलेली ही मोजडी अठराव्या शतकाच्या अखेरची मानली जाते. जानेवारी २००६ मध्ये ती संग्रहालयातून चोरीला गेली आणि काही दिवसांत परत मिळाली. त्या चोरीच्या बातम्या जगभर छापून आल्या.

हे निजामाचे राज्य म्हणजे आपला मराठवाडाही. १९४८ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. राजाच्या जोड्याला हिरे होते आणि त्याच राज्यातील गावकुसाबाहेरची माणसे अनवाणी होती. ज्याने घातली त्याचे नाव मोजडीसोबत राहिले. ज्याने कातडे कमावले, ज्याने टाका घातला, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. जगातल्या बहुतेक संग्रहालयांत हीच स्थिती आहे. म्हणून कुठल्याही संग्रहालयात गेल्यावर वस्तूखालची पाटी वाचताना आपण तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी बनवले? बनवणाऱ्याला काय मिळाले? हे घालण्याची मनाई कोणाला होती?

विनयपिटकातील वहाणा

मराठीतला 'वहाण' हा शब्द पाली 'उपाहना' या शब्दाचा वंशज आहे. संस्कृतात तो 'उपानह्' आहे. म्हणजे आपली आजी 'वहाणा काढ' म्हणत होती तेव्हा ती तथागतांच्या काळचाच शब्द वापरत होती.

विनयपिटकाच्या महावग्गात एक संपूर्ण खंधक चामड्याविषयी आहे. त्याचे नाव चम्मक्खंधक. त्याची सुरुवात सोण कोळिविस या तरुणाच्या कथेने होते. चंपानगरीतल्या अतिशय श्रीमंत घरातला हा मुलगा भिक्खू झाला. त्याचे पाय इतके नाजूक होते की चंक्रमण करताना तळवे फुटून वाटेवर रक्त सांडले. इतके कष्ट करूनही चित्त मुक्त होत नाही म्हणून तो निराश झाला. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांची प्रसिद्ध उपमा दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही.

ही उपमा आपल्याला माहीत असते, पण पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भगवंतांनी सोणाला एका तळाची वहाण वापरण्याची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घ्यायचे नाकारले. आपण एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणेला चिकटलो असे लोक म्हणतील, संघाला परवानगी मिळाली तरच मीही वापरीन, असे त्याने सांगितले. त्यावर भगवंतांनी संपूर्ण संघाला वहाणेची परवानगी दिली.

या प्रसंगाचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. श्रीमंत घरातल्या एका भिक्खूला मिळणारी सवलत त्याने सर्वांसाठी मागितली. संघात चांडाळ कुळातला सोपाक होता, रस्ते झाडणारा सुनीत होता, न्हावी उपाली होता. नियम झाला तो सर्वांना सारखाच लागू झाला. ज्या समाजात पुढे वहाण घालणे हा जातीचा विशेषाधिकार ठरवला गेला, त्याच भूमीत संघाने वहाणेबाबत समतेचा नियम केला होता.

याच खंधकात आणखी नियम आहेत. निळ्या, पिवळ्या, लाल अशा भपकेबाज वहाणा भिक्खूंनी वापरू नयेत. सिंह, वाघ, चित्ता यांच्या कातड्याने सजवलेल्या वहाणा वापरू नयेत. काही भिक्खू पहाटे लाकडी खडावा घालून खडखडाट करत, मोठ्याने गप्पा मारत फिरत. त्याने ध्यानाला बसलेल्यांची समाधी मोडे आणि पायाखाली किडेही मरत. म्हणून लाकडी खडावांना मनाई झाली. एका भिक्खूने सुंदर कातड्याच्या लोभाने उपासकाकडून वासरू मारवले. तेव्हा प्राण्याची हत्या करवण्याचा कठोर निषेध झाला आणि गाईचे कातडे वापरण्यास बंदी आली.

अवंती देशातून आलेल्या सोण कुटिकण्ण याने महाकच्चान थेरांचा निरोप आणला की, आमच्याकडची जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. त्यावर भगवंतांनी सीमेवरच्या प्रदेशांसाठी अनेक तळांची जाड वहाण वापरण्याची मोकळीक दिली. म्हणजे नियम माणसासाठी होता, माणूस नियमासाठी नव्हता. देश, हवामान आणि गरज पाहून नियम बदलण्याची ही वृत्ती म्हणजेच धम्माची बुद्धिनिष्ठा.

बुद्धाची पाऊले आणि ब्रह्मदेशातील बुटांचा प्रश्न

भारतातील सुरुवातीच्या बौद्ध शिल्पांत भगवंतांची मूर्ती दिसत नाही. भरहुत, सांची, अमरावती येथे बोधिवृक्ष, धम्मचक्र, रिकामे आसन आणि पावलांचे ठसे यांतून त्यांचे अस्तित्व दाखवले आहे. हे बुद्धपद म्हणजे चालणाऱ्या माणसाची खूण आहे. पंचेचाळीस वर्षे गावोगाव चालत धम्म सांगणाऱ्या शास्त्याची याहून योग्य खूण कोणती असणार?

विहारात आपण चपला बाहेर काढतो. त्यामागेही इतिहास आहे. ब्रह्मदेशात इंग्रजी राज्यात युरोपीय लोक पॅगोडाच्या आवारात बूट घालून जात, तर स्थानिक बौद्धांना अनवाणी जावे लागे. १९१६ च्या सुमारास तेथील यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनने याविरुद्ध आवाज उठवला. लेडी सयाडो यांच्यासारख्या विद्वान भिक्खूने त्यावर लिहिले. प्रकरण इतके वाढले की १९१९ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि विहाराच्या प्रमुख भिक्खूला नियम ठरवण्याचा अधिकार मान्य करावा लागला. ब्रह्मदेशाच्या राष्ट्रीय चळवळीची एक सुरुवात या 'बुटांच्या प्रश्ना'तून झाली.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. विहाराच्या दारात आपण चप्पल काढतो ती स्वेच्छेने, आदराने, आणि तेथे कलेक्टरही काढतो, मजूरही काढतो. गावातल्या पाटलाच्या गल्लीतून जाताना आपल्या आजोबाला चप्पल हातात घ्यावी लागे ती भीतीने आणि फक्त त्यालाच. पहिला आदर आहे, दुसरी गुलामगिरी आहे. कृती एकच, पण एकीत समता आहे आणि दुसरीत विषमता. ब्रह्मदेशातील तरुणांनी विरोध केला तो याच विषमतेला.

जातीव्यवस्थेने चामडे कसे वाटून दिले

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांवर होते. कातडे कमावण्याचे काम ढोरांवर, वहाणा शिवण्याचे चर्मकारांवर, तर चामड्याचे दोर, आसूड, नाडे अशी कामे मांगांवर. एकाच कातड्याच्या प्रवासातले हे टप्पे. पण ते करणारी माणसे एकत्र येऊ नयेत म्हणून त्यांच्यात उच्चनीचतेच्या पायऱ्या घातल्या. एकमेकांच्या घरी जेवायचे नाही, मुली द्यायच्या नाहीत. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. त्याचे चामड्याच्या धंद्याइतके ढळढळीत उदाहरण सापडणार नाही.

वहाण घालण्याची बंदी हा केवळ एका गावचा किस्सा नव्हता. तामिळनाडूतील रामनाड जिल्ह्यात १९३० मध्ये कल्लर जातीच्या लोकांनी अस्पृश्यांवर आठ निर्बंध लादले. सोने-चांदी घालू नये, अंगभर कपडे घालू नयेत, भांडी फक्त मातीची वापरावीत, अशा निर्बंधांत छत्री आणि चपला वापरू नयेत हाही एक होता. हे निर्बंध जे. एच. हटन या इंग्रज अधिकाऱ्याने जातीवरील आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहेत.

याविरुद्धची परंपराही जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, हरळय्या हे चर्मकार शरण महात्मा बसवेश्वरांच्या चळवळीत होते. हरळय्या आणि कल्याणम्मा या दांपत्याने बसवेश्वरांसाठी स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा केल्या, अशी लोककथा आहे. त्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळातून आलेल्या मधुवरस या शरणाच्या मुलीशी झाला, म्हणून राजाने दोघांच्या पित्यांना हत्तीच्या पायी देऊन ठार केले, असे परंपरा सांगते. आंतरजातीय विवाहाची किंमत तेव्हाही जीव हीच होती.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. त्यावर सवर्ण वृत्तपत्रांतून आर्थिक हिशेब मांडले गेले की, कातडी, शिंगे, हाडे यांचे किती उत्पन्न महार गमावत आहेत. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला. एवढा फायदा असेल तर तुम्हीच ती जनावरे ओढा, फायदाही तुम्हीच घ्या, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. माणसाला पैशापेक्षा इज्जत प्यारी असते, हा त्या उत्तराचा गाभा.

कोल्हापुरी : चप्पल प्रसिद्ध, कारागीर अंधारात

कोल्हापुरी चप्पल आज जगभर माहीत आहे. तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळ चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा वापरत नाहीत. अंगठा, पट्टा, कान, वेणी, गोंडा असे तिचे भाग आहेत. वेणी विणण्याचे बारीक काम घरातल्या बायका करतात. रापी आणि आरी चालवून हात कसे होतात, ते कारागिराच्या तळहातावर दिसते.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेखही केला नाही. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले.

तेव्हा सर्वांनी एका सुरात 'आपली संस्कृती' म्हणून अभिमान व्यक्त केला. तो अभिमान आम्हालाही आहे. पण ज्या समाजाने ही चप्पल शेकडो वर्षे जिवंत ठेवली, त्या चर्मकार आणि ढोर समाजाचे नाव त्या चर्चेत किती जणांनी घेतले? चप्पल आपली आणि चप्पल शिवणारा परका, हा अभिमान नव्हे. नाव न घेता कला उचलणे ही गोष्ट मिलानमध्ये चूक असेल तर पुण्या-मुंबईतही चूकच आहे.

उना आणि कायदा

जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारले. म्हणजे शतकानुशतके जे काम सक्तीने करायला लावले, त्याच कामासाठी मारले. त्यानंतर गुजरातमधील दलितांनी मृत जनावरे सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली आणि ते काम नाकारले. एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने आणि इतर शेकडो लोकांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. महाडचा मार्ग नव्वद वर्षांनी उन्यात पोहोचला.

कार्यकर्त्यांनी कायदाही माहीत करून घ्यावा. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यातील २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यानुसार पुढील कृत्ये कलम ३ (१) खाली गुन्हा आहेत.

- चपलांचा हार घालणे : उपकलम (डी)
- माणसाचे किंवा जनावराचे प्रेत उचलायला, वाहून न्यायला किंवा खड्डा खणायला लावणे : उपकलम (आय)
- सार्वजनिक जागी चप्पल किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल-मोटारसायकलवर बसण्यास, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे : उपकलम (झेडए)

एकविसाव्या शतकातील कायद्यात 'पादत्राणे घालण्यास अडवणे' हा गुन्हा म्हणून लिहावा लागतो. हा प्रश्न संपलेला नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

टोरांटो आणि जात

ज्या शहरात हे संग्रहालय आहे, तिथेही जात पोहोचली आहे. मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या जिल्हा शाळा मंडळाने शाळांमध्ये जातीय भेदभाव असल्याचे मान्य करून त्यावर पाऊल उचलण्याचा ठराव केला. असे करणारे ते कॅनडातील पहिले शाळा मंडळ. त्याच वर्षी ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगानेही जातीय भेदभावाबाबत आपली भूमिका जाहीर केली. त्यामागे तिथल्या आंबेडकरी आणि समतावादी कार्यकर्त्यांचे श्रम आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी टोरांटोला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी हे संग्रहालय जरूर पाहावे. ते सेंट जॉर्ज या भुयारी रेल्वे स्थानकाजवळच आहे.

आपले संग्रहालय कधी?

जोड्यांची संग्रहालये जगात आणखीही आहेत. इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनला, फ्रान्समध्ये रोमाँ गावी, फिलिपिन्समध्ये मारिकिना येथे. ही सारी जोडे बनवणाऱ्यांची गावे. त्या गावांना आपल्या धंद्याची लाज वाटली नाही.

आपल्याकडे बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपण्याचे काम नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आणि पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरील संग्रहालयात झाले आहे. ते मोठे काम आहे. पण गावकुसाबाहेरच्या सामान्य माणसाच्या श्रमाचा इतिहास अजून घराच्या माळ्यावर पडून आहे, आणि माळे साफ होत आहेत.

जे काम सोडले त्याची आठवण कशाला, असे काही जण म्हणतात. ही भावना आम्ही समजू शकतो. ते काम आपण अपमान म्हणून सोडले आणि योग्यच केले. पण अपमान करणाऱ्याचा होता, कौशल्य आपले होते. काम सोडणे म्हणजे इतिहास सोडणे नव्हे. इतिहास आपण लिहिला नाही तर उद्या तो दुसरा लिहील आणि त्यात आपण नसू.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या वस्तीतल्या वयस्क माणसांशी बोला. कुठल्या गल्लीतून वहाण हातात घेऊन जावे लागे, पहिली चप्पल कधी आणि कोणी घेतली, हे त्यांच्या आवाजात मोबाइलवर नोंदवून ठेवा. रापी, आरी, फरमा, जुनी पायताणे फेकू नका. विहारातल्या एका कपाटापासून सुरुवात करा. प्रत्येक वस्तूखाली गाव, साल आणि बनवणाऱ्याचे नाव लिहा.

आणि हे काम बौद्धांनी एकट्याने करू नये. चर्मकार, ढोर, मातंग बांधवांना सोबत घ्यावे, त्यांच्या घरी जावे, त्यांना विहारात बोलवावे. एकाच कातड्याचे तुकडे करून ज्यांना वेगळे केले, त्यांनी एकत्र बसून आपला इतिहास लिहिणे ही जातिअंताच्या कामाचीच सुरुवात आहे. सोण कोळिविसाने वहाण एकट्यासाठी घेतली नाही, संघासाठी मागितली. आपणही सन्मान एकट्यासाठी मागू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!